शेतांतील ओल नोंदणारें यूएसबी यंत्र : घरीं घडविण्याचा पाठ

(कळस, ता. इंदापूर, जि. पुणे)

महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमच्या आयुष्याचा मोठा भाग गेला. त्या नोकरीनें आम्हांस एक गोष्ट पक्की शिकविली. ती ही कीं, ज्याच्या हातीं नोंद असते त्याचेंच म्हणणें शेवटीं खरें धरलें जातें. जमीन कोणाची, पीक कोणतें, पाण्याची पाळी कोणाची, हें सर्व वहीवरून ठरतें. परंतु ज्या जमिनीच्या हक्काची नोंद आपण इतक्या काळजीनें ठेवितों, तिच्या पोटांत ओल किती आहे याची नोंद आपल्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं नसते. पाळी आली कीं पाणी घ्यावयाचें, आणि शेजाऱ्यानें दिलें म्हणून आपणही द्यावयाचें, हीच वहिवाट. ही वहिवाट मोडावी व ओलाव्याची नोंद ज्यानें त्यानें आपल्या हातीं ठेवावी, यासाठीं एक लहानसें यंत्र घरच्या घरीं कसें घडवावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

मोजणीची गरज

पाणी कमी पडलें तर पान सुकतें व मालक धांवतो. पाणी जास्त झालें तर पीक कांहीं वर्षें हिरवेंच दिसतें, आणि मग एखाद्या उन्हाळ्यांत जमिनीवर पांढरा थर उमटतो. आमच्या वडिलांच्या हातचा एक एकराचा सखल तुकडा असाच खार फुटून गेला. त्याचा दोष दुसऱ्या कोणावर घालतां येत नाहीं. पाणी आम्हींच दिलें होतें. आज तेथें वेड्या बाभळीखेरीज कांहीं उभें राहत नाहीं.

नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला व बारामती-इंदापूर भागांत बागायत वाढली. तिच्याबरोबरच निचरा न होणाऱ्या भारी काळ्या जमिनींत खार व चोपण यांचाही प्रश्न आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं विश्वेश्वरय्या यांनीं नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत घालून दिली. पाणी एकाच जागीं न मुरवितां अधिक गांवांस वांटावें व पिकांची फेरपालट व्हावी, हा तिचा हेतु होता. म्हणजे पाणी मोजून द्यावें हा विचार आपल्या भागास नवा नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या साहाय्यानें उसाच्या शेतांत सेन्सर बसवून, हवामानाच्या व उपग्रहाच्या माहितीशीं त्यांचे आंकडे जुळवून, पाणी व खत केव्हां द्यावें याचा सल्ला देण्याचा प्रयोग मांडला. २०२५ च्या जानेवारींत त्या कंपनीचे प्रमुख सत्या नडेला यांनीं त्याचा जाहीर उल्लेख केल्यावर त्याची चर्चा सर्वत्र झाली. तो प्रयोग वाचकांनीं जाऊन अवश्य पाहावा. परंतु सल्ला ऐकणाऱ्यास सल्ल्यामागील आंकडा वाचतां आला पाहिजे, आणि तो आंकडा कसा निघतो हें कळण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एखादें लहान यंत्र स्वतः जोडून पाहणें.

हें काम शिकलेल्या इंजिनियराचेंच, अशी भीति कोणी बाळगूं नये. आपल्याच जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम स्थापला. शाळा सुटलेल्या खेड्यांतील मुलांस हातानें काम करीत विज्ञान शिकवावें, हें त्यांचें ध्येय होतें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील प्रा. नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेंतून निघालेली ‘फॅब लॅब’ ही कार्यशाळा त्या देशाबाहेर प्रथम निघाली ती २००२ सालीं, याच पाबळास. अशा कार्यशाळांच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थी लहानशा चिपेवर स्वतःचें यूएसबी साधन घडवून संगणकाला जोडीत आले आहेत. जें तेथील मुलांस साधतें तें आपल्यांस कां साधूं नये?

यूएसबी म्हणजे काय

पेनड्राइव्ह, माउस, कीबोर्ड, मोबाईलची तार, हीं सर्व ज्या एका पद्धतीनें संगणकाशीं बोलतात तिला यूएसबी म्हणतात. तिचा पहिला आराखडा १९९६ च्या जानेवारींत निघाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत शिकलेले अजय भट्ट हे इंटेल कंपनींतील या कामाचे एक प्रमुख अभियंते होत.

जुन्या यूएसबी तारेंत चार तारा असतात. तांबडी पांच व्होल्टची, काळी जमिनीची, आणि पांढरी व हिरवी या दोन बोलण्याच्या. यंत्र जोडलें जातांच संगणक व यंत्र यांच्यांत जें घडतें तें कचेरींतील कामासारखेंच असतें, म्हणून त्याच भाषेंत सांगतों.

अर्जदार दारांत आला हें संगणकास बोलण्याच्या एका तारेवरील दाबावरून कळतें. मग संगणक विचारतो, “तूं कोण?” यंत्र अठरा बाइटांचा एक छापील नमुना पुढें करितें. त्यांत बनविणाऱ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक व आवृत्ति असते. गांवाचा क्रमांक व गट नंबर यांसारखेच हे दोन क्रमांक समजावे. त्यानंतर संगणक त्या यंत्रास १ पासून १२७ पर्यंतचा एखादा पत्ता देतो व पुढें विचारतो, “तुझा धंदा कोणता, आणि वीज किती लागेल?” नेमणूक होईपर्यंत यंत्रानें शंभर मिलिअँपिअरपेक्षां अधिक वीज घेऊं नये, नंतर मागणी मंजूर झाल्यास पांचशेपर्यंत घ्यावी, असा यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीचा नियम आहे. आणि एक लक्षांत ठेवावें कीं, यंत्र आपण होऊन कधीं बोलत नाहीं. संगणक वारंवार विचारतो, तेव्हांच तें उत्तर देतें.

धंदा कोणता सांगावा, हें यंत्र घडविणाऱ्याच्या हातीं असतें. आम्हीं आमच्या यंत्रास ‘कीबोर्ड’ हा धंदा दिला. कीबोर्डास संगणकांत वेगळी व्यवस्था करावी लागत नाहीं, आणि शेतांतून आणलेले आंकडे तें यंत्र आपल्या वहींत स्वतःच टाइप करूं शकतें.

साहित्य

१. ‘रास्पबेरी पाय पिको’ नांवाचा बोर्ड. हा २०२१ सालीं निघाला. याच्या अंगीं यूएसबीची सोय मुळांतच आहे.
२. जमिनींत खोंचावयाचा कपॅसिटिव्ह जातीचा ओलाव्याचा सेन्सर. उघड्या दोन खिळ्यांचा स्वस्त सेन्सर घेऊं नये; तो थोड्याच दिवसांत गंजतो.
३. एक दाबावयाचें बटण, एक काढघाल करतां येणारी लहान जोडतार, तीन पेन्सिल सेल व त्यांचें घर, झांकणाची डबी आणि वार्निश.

हें सर्व साहित्य एका डीएपीच्या गोणीपेक्षां कमी किंमतींत येतें.

कृति

प्रथम बोर्डावरील पांढरें बटण दाबून धरून तो संगणकाला जोडावा. तो पेनड्राइव्हसारखा दिसूं लागतो. ‘सर्किटपायथन’ ही फुकट मिळणारी प्रणाली पिकोसाठीं असलेल्या फाईलींतून त्यावर टाकावी. बोर्ड क्षणभर दिसेनासा होऊन नव्या नांवानें परत येतो. आतां त्यावर साध्या लिहिण्याच्या खिडकींतून आज्ञा लिहितां येतात.

सेन्सरास तीन तारा असतात. विजेची तार बोर्डाच्या ३·३ व्होल्टच्या पायास, जमिनीची जमिनीच्या पायास, व आंकड्याची तार २६ क्रमांकाच्या पायास जोडावी. बटण १५ व्या पायास व जमिनीस जोडावें. काढघालीची तार २ क्रमांकाचा पाय व जमीन यांच्यांत बसेल अशी ठेवावी.

यापुढें दोन फाईली लिहावयाच्या. पहिलीचें नांव ‘बूट’. बोर्डाला वीज मिळतांच, संगणकाशीं बोलणें सुरू होण्यापूर्वीं, ती एकदांच वाचली जाते. म्हणून यंत्राची ओळख हिच्यांत लिहावयाची. हिच्यांत दोन गोष्टी घालाव्या. एक, यंत्राचें नांव व ‘कीबोर्ड’ हा धंदा. दोन, काढघालीची तार बसविली आहे कीं नाहीं याची तपासणी. तार बसविलेली असेल तर यंत्र शेतांत आहे असें समजून, फाईलींत लिहिण्याचा हक्क बोर्डाकडे द्यावा. तार काढलेली असेल तर तो हक्क संगणकाकडे राहावा. एका वेळीं एकासच लिहितां येतें. एकाच फेरफार वहींत दोन तलाठ्यांनीं लिहूं नये, तशांतलाच हा नियम.

दुसरी फाईल ‘कोड’. शेतांतील कामासाठीं तिच्यांत असें लिहावें : दर सहा तासांनीं सेन्सर वाचावा, एक नव्हे तर दहा वाचनें घेऊन त्यांची सरासरी काढावी, अनुक्रमांक व आंकडा एका ओळींत लिहून ठेवावा, आणि बाकीचा वेळ बोर्डास झोंपवावें म्हणजे सेल पुरतात. या बोर्डांत सेलवर चालणारें स्वतंत्र घड्याळ नाहीं. म्हणून यंत्र शेतांत ठेवतांना तारीख व वेळ आपल्या वहींत हातानें लिहावी. पहिल्या ओळीची वेळ ठाऊक असली म्हणजे पुढील सर्व ओळींची निघते.

घरच्या कामासाठीं असें लिहावें : बटण दाबलें कीं नोंदलेल्या ओळी एकामागून एक कीबोर्डाप्रमाणें टाइप कराव्या. सेल काढून, काढघालीची तारही काढून, मगच यंत्र संगणकाला जोडावें. संगणकावर कोष्टकाची वही उघडून रकाना निवडावा व मग बटण दाबावें. जी खिडकी पुढें असेल तिच्यांतच यंत्र लिहितें, हें विसरूं नये.

येथें कीबोर्डाच्या बोलण्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. कीबोर्ड अक्षर पाठवीत नाहीं. कळेचा क्रमांक पाठवितो. एकाच्या कळेचा क्रमांक ३०, दोनाचा ३१, असें नवाचा ३८ व शून्याचा ३९. ‘एंटर’चा ४० व ‘टॅब’चा ४३. प्रत्येक वेळीं आठ बाइटांचा एक निरोप जातो व त्यांत या घटकेस कोणत्या कळा दाबलेल्या आहेत तें असतें. कळ सोडली हें कळविण्यास आठ शून्यांचा निरोप पाठवावा लागतो. संगणकावर मराठी कीबोर्ड चालू असला तर त्याच क्रमांकांतून निराळीं चिन्हें उमटूं शकतात, म्हणून त्या वेळेपुरता इंग्रजी कीबोर्ड निवडावा.

आमच्या दोन चुका

पहिल्या दिवशीं आम्हीं कळ सोडल्याचा निरोप पाठविलाच नाहीं. शेवटची कळ ‘एंटर’ची, ती दाबलेलीच राहिली आणि कोष्टक एकसारखें खालीं धांवूं लागलें. तार उपटावी तेव्हां थांबलें. ही चूक दिसणारी होती. आम्हीं प्रत्येक ओळीच्या शेवटीं सोडल्याचा निरोप घातला व काम झालें असें समजून स्वस्थ बसलों.

दुसरी चूक न दिसणारी होती. कांहीं आंकडे भलतेच लहान येत. पुतण्या म्हणाला, “नाना, त्या रात्रीं पाऊस झाला असेल.” आम्हांस तें पटेना. कचेरींत नक्कल दिली म्हणजे मूळ कागदाशीं तिची रुजुवात करावी लागते. त्या संवयीनें बोर्डावरील मूळ फाईल उघडून ओळ न् ओळ पडताळून पाहिली. मुळांत ४४,१२० होते, कोष्टकांत ४,१२०. मुळांत ३६,६०५, कोष्टकांत ३,६०५. तेव्हां कारण लक्षांत आलें. चार नंतर पुन्हा चारच आला म्हणजे मध्यें कळ सुटल्याचें संगणकास कळत नाहीं. तो दोन चारांना एकच लांब दाब समजतो. निरनिराळे अंक बरोबर उमटतात व जोडअंक तेवढा गळतो. प्रत्येक अंकानंतर सोडल्याचा निरोप घालतांच दोष गेला.

आमच्या सेन्सरांत आंकडा लहान म्हणजे ओल अधिक. म्हणजे सुकलेली जमीन भिजलेली म्हणून नोंदली गेली असती आणि त्या नोंदीवर विसंबून पाळी सोडली असती, तर उभा ऊस वाळला असता. यंत्र खोटें बोलत नाहीं असें लोक म्हणतात. तें खरें नाहीं. यंत्र घडविणाऱ्याची चूक तें मोठ्या सुबक अक्षरांत लिहितें. करितां रुजुवात केल्याशिवाय कोणतीही नोंद ग्राह्य धरूं नये.

आंकड्याची कसोटी

यंत्राचा आंकडा म्हणजे ओलाव्याचे शेंकडा भाग नव्हेत. त्याची सांगड आपल्या मातीशीं घालावी लागते. सेन्सर कोरड्या हवेंत धरून व नंतर खुणेपर्यंत पाण्यांत बुडवून दोन आंकडे लिहावे. हवेंत ५०,००० व पाण्यांत २५,००० आले असें समजा. शेतांत ३५,००० आला, तर हवेपासून १५,००० उतरला. एकूण उतार २५,००० चा. म्हणजे मापपट्टीवर तो शेंकडा ६० ठरला. परंतु ही केवळ पट्टी झाली.

खरें माप मातीच्या वजनानें निघतें. सेन्सरच्या शेजारची माती डबींत घेऊन वजन करावें. १०५ अंश उष्णतेंत चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करावें. ओली माती १३० ग्रॅम व वाळल्यावर १०० ग्रॅम भरली, तर ओलावा शेंकडा ३० झाला. असें पाणी दिल्यावर, वाफसा आल्यावर व पिकाला पाण्याची गरज भासूं लागतांना, तीन वेळां करावें व त्या दिवसांचे यंत्राचे आंकडे शेजारीं लिहावे. आपल्या वाफशाचा आंकडा कोणता, हें एवढ्यावरून कळतें. तो दुसऱ्याच्या शेताचा उसना घेऊं नये. मुरमाड व काळी यांचे आंकडे निराळे असतातच. शिवाय ज्या जमिनींत क्षार अधिक, तेथें हा सेन्सर बराच चुकतो. तेथें कसोटी पुन्हा पुन्हा घ्यावी.

सेन्सरची कापलेली कड पाणी शोषते. तिला वार्निशाचे दोन हात द्यावे. वरील इलेक्ट्रॉनिक भाग डबींत सुरक्षित ठेवावा, व पातें मुळांच्या पट्ट्यांत, माती घट्ट दाबून बसवावें.

या शेवटच्या सूचनेचें महत्त्व आम्हांस एका चैत्रांत कळलें. सायंकाळीं आंकडा एकदम कोरड्याकडे गेला. पुतण्या म्हणाला, “नाना, यंत्र कोरडें सांगतें आहे, रात्रीं वीज आहे तोंवर पाणी सोडून देतों.” आम्ही खुरपें घेऊन गेलों. वीतभर खालची माती मुठींत दाबली तर तिचा गोळा राहत होता. काळ्या जमिनीस भेग पडून सेन्सरच्या अंगाला हवा लागली होती. यंत्र मातीची नव्हे, भेगेंतील हवेची ओल सांगत होतें. त्या रात्रीं पाणी सुटलें असतें तर ओल्या जमिनीवर पुन्हा पाणी चढलें असतें. ज्या चुकीनें वडिलांचा एकर गेला, तीच चूक आतां यंत्राच्या साक्षीनें झाली असती. सेन्सर उपटून दुसऱ्या जागीं बसविला. तेव्हांपासून आमच्या वहींत दोन रकाने आहेत : एक यंत्राचा व एक खुरप्याचा. दोहोंचा मेळ बसला नाहीं, तर त्या दिवशीं पाण्याचा निर्णय होत नाहीं.

ओळख व विश्वास

आतां एक सावधगिरीची सूचना. वर सांगितल्याप्रमाणें यंत्र आपली ओळख स्वतःच सांगतें व संगणक ती खरी मानतो. आमची डबी आंकडे टाइप करिते. परंतु तशीच दुसरी एखादी डबी, दिसण्यांत पेनड्राइव्ह असूनही, कीबोर्ड म्हणून नांव सांगून संगणकास भलत्याच आज्ञा देऊं शकेल. जर्मनींतील संशोधकांनीं २०१४ सालीं अमेरिकेंतील एका परिषदेंत हें प्रत्यक्ष करून दाखविलें. म्हणून अनोळखी पेनड्राइव्ह घरच्या, आणि विशेषेंकरून सोसायटीच्या, संगणकास लावूं नये. कोऱ्या कागदावर आपण अंगठा देत नाहीं, तसेंच हें.

ओळखीच्या क्रमांकाबाबतही प्रामाणिकपणा हवा. आपल्या घरापुरतें एक यंत्र असेल, तर बोर्डाचा मूळ क्रमांक तसाच ठेवून केवळ नांव बदलावें. दहा-वीस यंत्रें करून गांवांत वांटावयाचीं असतील, तर वस्तूचा स्वतंत्र क्रमांक घ्यावा. बनविणाऱ्याचे क्रमांक यूएसबीची संस्था मोठी फी घेऊन देते. परंतु ज्यांचा आराखडा व आज्ञा सर्वांस खुल्या आहेत, अशा कामांसाठीं ‘पिड कोड्स’ या उपक्रमांतून वस्तूचा क्रमांक विनामूल्य मिळतो. दुसऱ्याचा क्रमांक बिनदिक्कत लावणें म्हणजे दुसऱ्याच्या गटांत नांगर घालणें होय.

समारोप

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें व वय पन्नाशीच्या पुढचें. तरीही या कामांत आम्हांस अडचण आली ती यंत्राची नव्हे. अडचण आली ती आधीं रुजुवात न करण्याच्या उतावळेपणाची. ज्यांच्या घरीं शाळा-कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत, त्यांनीं त्यांस बरोबर घेऊन येत्या हंगामांत एका वाफ्यापुरता हा प्रयोग करावा. मुलानें आज्ञा लिहाव्या, बापानें खुरपें धरावें. एक हंगाम वही नीट ठेविली म्हणजे पाणी केव्हां द्यावें याबरोबरच केव्हां देऊं नये, हेंही त्या वहींतून दिसूं लागेल. आमच्या खार फुटलेल्या एकराच्या बांधावर उभें राहून सांगतों कीं, शेतकऱ्यास या दुसऱ्या ज्ञानाची गरज पहिल्याहून कमी नाहीं.